आशाताई ‘गंभीर’ कधी झाल्या?

गेल्या पावसाळ्यात एका गायनस्पर्धेत मी पेटीच्या साथीला होतो. अंतिम फेरीत एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीनं ‘कारवाँ’मधलं, हेलनवर चित्रित झालेलं ते प्रसिद्ध क्लबमधलं गाणं घेतलं. गाणं अवघड आहे. धापेचे उद्गार तालात बसवायचे, धाप खरी वाटली पाहिजे, आणि तरीही पुढचा सूर हलता कामा नये. तिनं ते फार नेटकं केलं. निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, ‘‘आवाज छान आहे बाळा, पण पुढच्या वेळी काहीतरी वजनदार घे. आशाताईंचंच घे ना, ‘उमराव जान’मधलं.’’ सभागृहानं माना डोलावल्या. त्या मुलीनंही डोलावली. मला मात्र घरी पोचेपर्यंत ते वाक्य सोडेना. आशा भोसले यांच्याविषयी गेली चाळीस वर्षं चालत आलेलं एक अख्खं मत त्या वाक्यात सामावलं आहे, आणि ते मत चुकीचं आहे अशी माझी खात्री आहे.

ते मत असं. आशाताईंकडे गळा होता, पण बरीच वर्षं तो वाया गेला. आधी ओ. पी. नय्यर यांच्या ठसकेबाज गाण्यांत, मग आर. डी. बर्मन यांच्या कॅबरेंत. १९८१ साली खय्याम यांनी त्यांना ‘उमराव जान’च्या गझला दिल्या आणि गायिका वयात आली. राष्ट्रीय पुरस्कारानं त्यावर शिक्का मारला. पुढे ‘इजाज़त’साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि हा प्रवास पूर्ण झाला. उथळाकडून खोलाकडे, क्लबकडून मैफलीकडे. गौरवलेख, सूत्रसंचालन, संगीतावरची सदरं, सगळीकडे हाच आलेख पुन्हा पुन्हा काढलेला मी वाचला आणि ऐकला आहे.

आधी साल-तारखांचं बघू. ‘सुजाता’ १९५९चा. त्यात सचिनदेव बर्मन यांनी नूतनसाठी आशाताईंकडून पावसाचं एक गाणं गाऊन घेतलं, ज्यात आनंद इतक्या हलक्या पावलांनी येतो की ऐकणाऱ्याला आपणच चोरून ऐकतोय असं वाटतं. ‘बंदिनी’ १९६३चा. तुरुंगात जात्यावर बसलेली बाई माहेर आठवते, ते गाणं आशाताईंचं. ‘काजल’मधलं मीनाकुमारीचं भजन १९६५चं. ‘प्राण जाए पर वचन न जाए’साठी नय्यर यांनी केलेलं, संथ लयीतलं, तक्रारीचा सूरही न लावणारं दुःखाचं गाणं १९७४चं. ते चित्रपटात ठेवलंच नाही, तरी फिल्मफेअर पुरस्कार त्यालाच मिळाला. म्हणजे ज्या गायिकेला १९८१ साली गांभीर्य सापडलं असं सांगितलं जातं, तिच्याकडे ते बावीस वर्षं आधीपासून होतं आणि ते अगदी उघड्यावर होतं. मराठी माणसानं तर हे विसरूच नये. ‘देवबाप्पा’त पु. ल. देशपांडे यांच्या चालीवर मोराला नाचायला बोलावणारा आवाज, ‘सांगत्ये ऐका’तली वसंत पवारांची लावणी म्हणणारा आवाज आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत दूर राहिलेल्या घराकडे बघणारा आवाज एकच आहे, हे आपल्या घराघरांत कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

दुसरा मुद्दा मला निर्णायक वाटतो. आर. डी. बर्मन यांनी आशाताईंना कॅबरेत अडकवलं आणि दुसऱ्यांनी सोडवलं, असं मानायचं तर ‘इजाज़त’चं काय करायचं? ते संगीत आर. डी. बर्मन यांचंच आहे. गुलजार यांच्या मुक्तछंदातल्या, यमक नसलेल्या ओळींना चाल त्यांनीच लावली. संगीतकार तोच, गायिका तीच, मध्ये सोळा वर्षं. ‘कारवाँ’ करणाऱ्या दोघांनीच ‘इजाज़त’ केला. ही सुटकेची गोष्ट असती तर कैदेत ठेवणारा आणि सोडवणारा एकच माणूस कसा असता?

मग हा समज आला कुठून? ‘उमराव जान’ची नायिका कोण आहे ते आठवा. ती लखनौच्या कोठ्यावर पुरुषांसमोर गाणारी, नाचणारी बाई आहे. ‘कारवाँ’तली नर्तकी कोण आहे? क्लबमध्ये पुरुषांसमोर नाचणारी बाई. दोघींचा पेशा एक, समोरची नजर एक. फरक झुंबराचा आहे, पेशवाजचा आहे, उर्दूचा आहे. एका ठिकाणी शहरयार यांचे शेर आहेत, तर दुसरीकडे इंग्रजी धाटणीचा ऑर्केस्ट्रा. गेलेल्या काळातली तवायफ आपल्याला संस्कृती वाटते आणि आपल्या काळातली क्लबमधली नाचणारी आपल्याला घसरण वाटते. समीक्षकांनी गायकीचं मोजमाप घेतो असं म्हणत प्रत्यक्षात पोशाखाचं आणि भाषेचं मोजमाप घेतलं. लावणीच्या बाबतीत महाराष्ट्रानं हेच केलं. ती जुनी झाली, अभ्यासाचा विषय झाली, तेव्हा तिला मखरात बसवलं. गाणारी बाई जिवंतपणी समोर उभी होती तेव्हा मात्र तिच्यापासून मुलांना दूर ठेवलं.

ही सवय सरकारी पातळीवरही होती. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचं शास्त्रीय संगीतावरचं प्रेम खरं होतं, आणि आकाशवाणीनं त्या काळात शास्त्रीय गायक-वादकांसाठी जे केलं त्याबद्दल मला कृतज्ञता वाटते. पण लोकांना आवडतं ते आधी संशयित ठरवायचं, आणि पुढे कधीतरी ते गझलेच्या वेशात आलं की माफ करायचं, ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. कॅबरेगीतांतला कॅमेरा बहुतेक वेळा बाईच्या शरीरावर रेंगाळतो, आणि त्यावर राग येणं रास्त आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात आशाताईंनी गायलेल्या पुष्कळ गाण्यांत चालही नाही आणि शब्दही नाहीत. रोज ध्वनिमुद्रण, एकाच साच्यातली गाणी. अशा गाण्यांत त्यांच्या लकबी नुसत्या लकबी म्हणूनच उरतात. हे मी लपवणार नाही. पण वाईट गाणं वाईट असतं ते चालीमुळे, शब्दांमुळे, घाईमुळे. ते क्लबमध्ये घडतं म्हणून ते वाईट ठरत नाही. ‘वक़्त’मध्ये साहिर यांनी काळाच्या क्षणभंगुरतेवर लिहिलेलं गाणं भर पार्टीत, नाचणाऱ्या जोडप्यांच्या मध्येच गायलं जातं. ते तिथे आहे म्हणूनच अंगावर येतं.

आता चाहत्यांकडे वळतो. मी स्वतः त्यांच्यातलाच आहे, म्हणून हे बोलणं मला जड जातं. चाहत्यांनी आशाताईंचं प्रेमापोटी नुकसान केलं आहे. ‘अष्टपैलू’ हा शब्द त्याचं हत्यार. त्या काहीही गाऊ शकतात, गझल, भजन, पॉप, लावणी, बालगीत, असं म्हणत यादी वाढत जाते. २०११ साली गिनेसनं अकरा हजारांपर्यंतच्या ध्वनिमुद्रित गाण्यांची नोंद घेतली, तो आकडा तोंडपाठ असतो. पण यादी म्हणजे वाढ नव्हे. सगळं येतं असं म्हटलं की काय येतं, ते कसं आलं, कोणत्या गाण्यानं पुढच्या कोणत्या गाण्याला वाट करून दिली, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. ‘पहिल्यापासून अशाच होत्या, देवाची देणगी’ असं म्हणणारे तर पन्नास वर्षांची मेहनत एका शब्दात पुसून टाकतात.

दुसरं हत्यार दुःखाचं. वडील मास्टर दीनानाथ लवकर गेले, कमी वयातलं लग्न मोडलं, मुलं सांभाळत त्या गायल्या, म्हणून आवाजात दर्द आला, असं सांगितलं जातं. त्यांचं दुःख खरं आहे. पण दुःख सोसलेल्या लाखो बायका आहेत आणि त्यांतली एकही ‘इजाज़त’मधलं गाणं तसं गाऊ शकत नाही. बाईच्या कलेला तिच्या आयुष्यातलं दुःख हेच कारण देऊन मोकळं व्हायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. सचिनदेवांविषयी किंवा नय्यर यांच्याविषयी बोलताना आपण चालीविषयी बोलतो. आशाताईंविषयी बोलताना संसाराविषयी बोलतो. थोरल्या बहिणीशी तुलना हा याच दुखण्याचा दुसरा भाग. ‘उमराव जान’नं त्या दीदींच्या बरोबरीला आल्या, असं प्रशंसेनं म्हणणारे लोक त्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या फूटपट्टीवर उभं करतात. परदेशी दाखलाही माझ्या उपयोगाचा नाही. २००५ साली क्रोनोस क्वार्टेटनं आशाताईंना घेऊन आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, याचा मला आनंद आहे. पण बाहेरच्यांनी उचलून धरलं म्हणून आपण आपली गाणी पुन्हा ऐकायची, हेही कमीपणाचंच.

माझं म्हणणं काय, ते आता सांगतो. आशाताईंची वाढ एका गोष्टीत झाली आणि ती गोष्ट श्वास आहे.

आपल्याकडे गाणं शिकवताना गुरुजी पहिल्या महिन्यातच सांगतात, श्वास चोरून घ्यायचा. ऐकणाऱ्याला तो कळता कामा नये. सूर अखंड वाटला पाहिजे. दीनानाथांचं नाट्यसंगीत ऐका. माईक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी ती तान, ते आक्रमक फेकणं. त्या घरात वाढलेल्या मुलीला दमसास आणि फेक दोन्ही मिळाली असणार. पण १९५८ साली ‘हावड़ा ब्रिज’च्या क्लबगीतात मधुबालासाठी गाताना आशाताई शेवटच्या रांगेसाठी गात नाहीत. त्या माईकजवळ येतात आणि समोरच्या एका माणसाशी बोलतात. आवाज खाली, लय सैल, शब्दाच्या आधी किंचित हवा. ही गायकी कुठल्याही घराण्यात शिकवत नव्हते. ती क्लबच्या गाण्यातच शिकता येत होती, कारण क्लबचं गाणं म्हणजे मुळातच कुणाच्या तरी कानाशी केलेलं बोलणं.

‘कारवाँ’पर्यंत आल्यावर चोरायचा तो श्वास त्यांनी उघड केला. तिथे श्वास हेच तालवाद्य आहे. ती धाप मात्रेवर पडते. ज्यानं ते गाणं कधी बसवून बघितलं असेल त्याला विचारा, धाप अर्ध्या मात्रेनं उशिरा आली तर पुढची ओळ उचलायला हवाच शिल्लक राहत नाही. हसणं, दचकणं, थांबणं, पुन्हा उचलणं, हे सगळं सुरात ठेवून करायचं. शास्त्रीय गायकाला जो दमसास ख्यालात लागतो, तो इथे तुकड्या-तुकड्यांत, हिशेबानं खर्च करावा लागतो.

आणि मग ‘उमराव जान’. खय्याम यांनी आशाताईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं, हे सर्वश्रुत आहे. त्या पट्टीत वरच्या सुरांची चमक नसते, तानेचा दिमाख नसतो. उरतो शब्द, आणि शब्दाच्या आधीचं थांबणं. गझलेत पहिला मिसरा म्हणून झाला की ऐकणाऱ्याला दुसऱ्याची वाट बघायला लावायची असते. तो मधला क्षण रिकामा वाटता कामा नये. तो क्षण श्वासानं कसा भरायचा, खालच्या सुरात माईकशी कसं बोलायचं, हे त्यांना १९८१ साली कुणी नव्यानं शिकवलेलं नाही. खय्याम यांचं मोठेपण यात आहे की ते सगळं आधीच तयार आहे, हे त्यांनी ओळखलं. ज्या गाण्यांना उथळ म्हटलं गेलं, त्यांच्यातच या गझलांची तालीम झाली होती. ती गाणी वगळली तर ‘उमराव जान’ हवेत लटकते.

चढत्या शिडीचं चित्र पुढच्या काळातही टिकत नाही. गझलेपर्यंत पोचल्यावर गायिकेनं तिथेच बसायला हवं होतं. पण साठी ओलांडल्यावर आशाताईंनी ‘रंगीला’त ए. आर. रहमान यांच्यासाठी तरुण मुलीचा अवखळ आवाज लावला, आणि लेस्ली लुईस यांच्याबरोबर १९९७ साली सरळ पॉपचा अल्बम केला. काहींना ती माघार वाटली. मला त्यात तोच श्वास नव्या यंत्रांशी, नव्या ठेक्याशी जुळवून घेताना ऐकू येतो.

‘इजाज़त’मधलं ते गाणं मी कितीदा तरी साथीला वाजवलं आहे आणि आजही ते मला सहज जात नाही. यमक नाही, ओळी लहान-मोठ्या, त्यामुळे ओळ कुठे संपणार हे पेटीवाल्याला शब्दांवरून कळत नाही. गाणारी आठवणीतल्या वस्तू एकेक करून परत मागत असते आणि प्रत्येक वस्तूनंतर तिचं थांबणं वेगळं असतं. भाता केव्हा सोडायचा हे समजायला एकच उपाय मला सापडला आहे. मी पट्ट्यांकडे बघायचं सोडून गाणारीच्या खांद्यांकडे बघतो. ते जरासे वर गेले की पुढचा शब्द येणार.