'कंपनीचा' म्हणजे कोणत्या कंपनीचा?

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, पुढे तिचे 'ओम्नी' असे नामकरण झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. उत्पादन थांबले म्हणून कुटुंबे थोडीच थांबतात! दिवाळी आली की आजी-आजोबा, मुले, फराळाचे डबे आणि ऐनवेळी टपकलेला एखादा भाचा, अशी सारी मंडळी त्याच गाडीतून घाट उतरून कोकणात जातात. तेव्हा तिचे सुटे भाग पारखून घेणे ही काही हौशी माणसाची करमणूक नव्हे.

सुदैवाने या व्हॅनला सख्खे भावंड आहे. तिचे ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे इंजिन मारुती ८०० च्याच घराण्यातले. ८०० देखील २०१४ साली बंद झाली. पण दोन्ही गाड्या अमाप खपल्यामुळे प्लग, ऑइल फिल्टर, टायमिंग बेल्ट यांसारख्या वस्तूंसाठी फारशी पायपीट पडत नाही. मात्र एका भावंडाचा सदरा दुसऱ्याला बसेलच असे नाही. ८०० ची ताकद पुढच्या चाकांना, तर ओम्नीची मागच्या. म्हणून गिअरबॉक्सच्या बाबतीत 'सगळे एकच हो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. कार्बुरेटरची जुनी ओम्नी आणि नंतरची इंजेक्शनची ओम्नी यांतही पुष्कळ अंतर आहे.

आता दुकानात चला. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा मुंबईत काय, काउंटरवरचे पहिले वाक्य ठरलेले: 'साहेब, कंपनीचा माल आहे.' कोणत्या कंपनीचा, हे मात्र आपण विचारावे लागते! गाडीच्या कारखान्याच्या खोक्यातला भाग हा एक. त्या कारखान्याला माल पुरवणारा निर्माता स्वतःच्या नावाने विकतो तो दुसरा. हाही बहुधा चोख असतो आणि स्वस्तही पडतो. तिसरा मात्र नुसत्या खोक्यापुरता कंपनीचा. छपाई पुसट, नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे, भागावर क्रमांकच नाही, आणि किंमत ऐकून आपल्यालाच संकोच वाटावा इतकी कमी.

दरवाजा, काच, आसन, दिव्याची चौकट या गोष्टी कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणल्या तरी बिघडत नाही. कित्येकदा तिथला मूळ पत्रा नव्या नकली पत्र्यापेक्षा चांगला निघतो. परंतु ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडरमधली रबरे, स्टिअरिंगचे सांधे हे कधीही वापरलेले घेऊ नयेत. तिथे वाचवलेले दोनशे रुपये घाटाच्या पहिल्याच वळणावर आठवतात.

रबराचे आणखी एक आहे. दहा वर्षे फळीवर पडून राहिलेला पट्टा वापरलेला नसला तरी म्हाताराच. किंचित वाकवून पाहावा; बारीक भेगा दिसल्या की परत करावा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन ती वाढवून मिळते. ऐन तपासणीच्या तोंडावर धावाधाव केली की मिळेल तो भाग गळ्यात पडतो, म्हणून चार महिने आधीच यादी करावी. दुकानात जाताना जुना भाग बरोबर न्यावा, बिलावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि काम झाल्यावर काढलेला भाग मेकॅनिककडून मागून घ्यावा. काही मेकॅनिक कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.