काचेतल्या चष्म्याला काय विचारणार?

आपल्याकडे मोठ्या माणसाच्या नावाने दोनच सोहळे होतात. पंचाहत्तरीला शाल, श्रीफळ आणि गौरवग्रंथ. तो गेल्यावर स्मारक. गौरवग्रंथात सगळे गोड बोलतात, स्मारकात कोणीच बोलत नाही. काचेच्या पेटीत चष्मा, काठी, पेन आणि दोन-तीन मानपत्रं. खर्डे, पत्रं, डायऱ्या, साभार परत आलेल्या कविता मात्र माळ्यावर. मग वाळवी, मग घर रिकामं करताना रद्दीवाला.

म्हणून माझं म्हणणं असं: माणूस हयात असतानाच त्याच्या कागदपत्रांचं प्रदर्शन मांडा. मांडताना त्याला प्रत्येक गोष्ट विचारा, पण शेवटचा शब्द त्याला देऊ नका. पहिलं वाक्य सगळ्यांना पटतं. भांडण दुसऱ्यावर होतं.

जिवंत माणसाचं संग्रहालय म्हटलं की आपल्याला व्यक्तिपूजा दिसते. भीती खोटी नाही. पण २०१३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ‘डेव्हिड बोवी इज’ हे प्रदर्शन भरवलं, ते बघा. बोवीने आपला खासगी संग्रह उघडून दिला, साधारण ७५ हजार वस्तूंचा. त्यातून तीनशेच्या आसपास वस्तू मांडल्या गेल्या. आणि बोवीने जाहीर सांगितलं की निवडीत आपला हात नाही. तिथे झगमगीत कपडे होते, हाताने लिहिलेली गाणी होती आणि कोकेन ओढायचा एक चिमुकला चमचाही होता.

तो चमचा आपल्याकडे टिकला असता? पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणालं असतं, “हे कशाला? घरच्यांना काय वाटेल?” आणि चमच्याच्या जागी आणखी एक मानपत्र आलं असतं. प्रश्न फक्त व्यसनांचा नाही. कर्जाच्या चिठ्ठ्या, मित्राशी मोडलेल्या मैत्रीची पत्रं, संपादकाने कापून अर्धी केलेली कथा, हे सगळंच आपल्या स्मारकांना अडचणीचं वाटतं.

माणूस हयात असताना हे करायचं, कारण कागद स्वतःबद्दल फार थोडं सांगतो. एखाद्या कादंबरीची मुद्रणप्रत समोर आहे. अक्षर लेखकाचं की त्याच्या बायकोचं? तिने नुसती नक्कल केली की वाक्यंही बदलली? आज विचारलं तर उत्तर मिळेल, आणि तिलाही विचारता येईल. दहा वर्षांनी त्या पेटीखाली एकच शब्द असेल, ‘हस्तलिखित’. श्रेय अर्थातच त्याचं.

फोनवर वाढलेल्या आपल्या पिढीला वाटतं, हा कागदवाल्यांचा प्रश्न. उलट आहे. गेल्या तीस वर्षांतलं कितीतरी मराठी लेखन युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झालंय. ती फाइल आज उघडली की पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. कुठला फॉन्ट होता, कुठला मसुदा शेवटचा, मेलचा पासवर्ड काय, हे त्या एकाच माणसाला ठाऊक असतं. वाळवीला निदान वर्षं लागतात. पासवर्ड एका रात्रीत जातो.

आता आक्षेप. आयुष्य संपलेलं नाही, मग प्रदर्शन अपुरं राहणार? राहू दे. बोवीने दहा वर्षांच्या शांततेनंतर नवा अल्बम काढला, तो त्या प्रदर्शनाच्याच महिन्यात. बॉब डिलनचा संग्रह २०१६ मध्ये एका प्रतिष्ठानाने विकत घेतला, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात त्याचं संग्रहालय उघडलं, आणि डिलन मात्र गावोगाव गातच राहिला.

दुसरा आक्षेप खरा आहे: माणसाच्या खासगीपणाचं काय? त्याला हक्क आहेच. आजारपणाचे कागद, मुलांची पत्रं तो बंद ठेवू शकतो. पण ते आधी लिहून ठरवा: कुठलं खोकं, कुठल्या वर्षापर्यंत. यादीत त्याची नोंद हवी, म्हणजे काहीतरी झाकलंय हे बघणाऱ्याला कळेल. इतरांनी त्याला लिहिलेल्या पत्रांचं तर वेगळंच. कागद त्याचा असला तरी शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि आपल्या कायद्यात तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही राहतो. ती परवानगी मागायलाही माणसं जिवंत असावी लागतात. बंद ठेवण्याचा हक्क असा मान्य करू. पण जे उघडलं त्याखालची माहितीपट्टी त्याने लिहायची नाही, त्याच्या मुलाने नाही, सत्कार समितीने तर नाहीच.

बोवी १० जानेवारी २०१६ ला गेला, तेव्हा हे प्रदर्शन नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये सुरू होतं. पुढे ते २०१८ पर्यंत फिरलं. त्याच्या मागे कोणाला घाईघाईने चष्मा शोधावा लागला नाही.

तेव्हा पुढच्या पंचाहत्तरीची वर्गणी मागायला कोणी आलं, तर जरूर द्या, पण अट घाला. हारतुरे आणि जेवणावळीचा खर्च कापा. त्या पैशात कागद पिवळे न पाडणारी आम्लरहित खोकी घ्या, एक रेकॉर्डर घ्या, आणि सहा महिने पगारावर एक अभ्यासक नेमा, जो त्या माणसासमोर बसून एकेक कागद उचलून विचारेल, “हे काय आहे? आणि हे लपवावंसं का वाटतं?”