पापणीमागचा पडदा

सकाळी मुलाची एक पापणी सुजलेली दिसली की घरात तीन निदाने तयार असतात : रांजणवाडी झाली, किडा चावला किंवा डोळे आले. बहुतेक वेळा त्यांपैकी एखादे खरेही ठरते. परंतु क्वचित ही सूज डोळ्याच्या खोबणीत शिरलेल्या जंतुसंसर्गाची असते आणि तेथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. हा भेद डॉक्टर कसा ओळखतात, हे पालकांना व आजी-आजोबांना ठाऊक असणे हिताचे आहे.

खोबणीच्या हाडाच्या कडेपासून पापणीपर्यंत एक पातळ, तंतुमय पडदा असतो. बँकेत काउंटर आणि तिजोरीची खोली यांच्यामध्ये जसे दार, तसा हा पडदा. संसर्ग त्याच्या पुढे राहिला तर तो प्रीसेप्टल सेल्युलायटिस. मागे गेला तर ऑर्बायटल सेल्युलायटिस. बाहेरून मात्र दोन्हींत तीच लाल, गरम, फुगलेली पापणी दिसते. तापही दोन्हींत येतो. म्हणून निदान पापणीवरून होत नाही, ती उघडून आतला डोळा पाहावा लागतो.

डॉक्टर प्रथम पाहतात ते डोळ्याचे फिरणे. वर, खाली, दोन्ही बाजूंस डोळा पूर्ण वळतो का आणि वळवताना दुखते का? नंतर डोळा पुढे आला आहे का, हे मुलाच्या कपाळाच्या बाजूने, वरून न्याहाळतात. प्रत्येक डोळ्याने वेगळे वाचावयास लावतात, बाहुलीवर प्रकाश टाकतात, लाल वस्तू दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल दिसते का ते विचारतात. दृष्टिमज्जेवर दाब येऊ लागला की लाल रंग फिका भासू लागतो. दोन-तीन वर्षांच्या बालकास 'एकाचे दोन दिसतात' असे सांगता येत नाही. त्यामुळे ते एक डोळा मिटून घेते का, मान वाकडी करून पाहते का, हे आईने टिपलेले निरीक्षण फार मोलाचे असते.

आता हा संसर्ग आत जातो कसा? बहुधा नाकातून. नाक आणि डोळा यांच्यामध्ये हवेच्या लहान पोकळ्या, म्हणजे सायनस, असतात. त्यांची डोळ्याकडील भिंत इतकी पातळ, की शरीरशास्त्रात तिचे लॅटिन नावच 'कागदी पापुद्रा' या अर्थाचे आहे. म्हणून सर्दीनंतर डोळा सुजला, तर सर्दीची हकीकत डॉक्टरांना अवश्य सांगावी.

व्यापारी घरांत 'दुकान वाढवून आल्यावर दाखवू' ही सवय असते. शेजारच्या मेडिकलमधून थेंब आणून दिवस काढला जातो. पण डोळ्यात घातलेले थेंब पडद्यामागील संसर्गावर पुरेसे पडत नाहीत, आणि त्यांत स्टिरॉइड असेल तर अपायच संभवतो. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. संसर्ग मेंदूपर्यंत गेल्यास प्राणावरही बेतते.

सीटी स्कॅनच्या किरणांची भीती पालकांना वाटते, ती अगदीच अनाठायी नाही. म्हणूनच प्रत्येक सुजलेल्या पापणीसाठी तो सांगत नाहीत. डोळा हलत नसेल, पुढे आला असेल, दृष्टी मंदावली असेल, सुजेमुळे डोळा तपासताच येत नसेल, किंवा एक-दोन दिवसांच्या औषधाने उतार पडत नसेल, तेव्हा तो टाळणे महाग पडते. पू कोठे व किती साचला आहे, हे त्यातूनच कळते. रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके देतात. गळू मोठे असल्यास किंवा दृष्टीस धोका दिसल्यास शस्त्रक्रिया करतात. या कामी नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसातज्ज्ञ अशा तिघांची गरज लागते, तेव्हा हे तिन्ही उपलब्ध असतील असेच रुग्णालय गाठावे.

जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर असू द्यावे. हिब नावाचा जंतू पूर्वी लहान मुलांतील या आजाराचे एक मोठे कारण होता. 2011 पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आलेल्या पेंटाव्हॅलेंट लशीत त्यावरील संरक्षण आहे, आणि तिच्या मात्रा बाळाच्या 6, 10 व 14 व्या आठवड्यांत देतात.