कोर्टातला कॅमेरा आणि आपला शब्द

गेल्या महिन्यात आम्ही वस्तीतल्या एका मावशींसोबत सत्र न्यायालयात गेलो होतो. खटला अ‍ॅट्रॉसिटीचा. सार्वजनिक नळावर चारचौघांत जातीचे नाव घेऊन शिवीगाळ झालेली. मावशींनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून ऐकलेले शब्द जसेच्या तसे मराठीत सांगितले. न्यायाधीशांनी ते लघुलेखकाला इंग्रजीत सांगितले. कागदावर काय उमटले? "घाणेरड्या शिव्या दिल्या." जातीचे नाव गळाले! सरकारी वकील जागरूक, त्यांनी तिथेच हरकत घेतली आणि दुरुस्ती झाली. कोणाच्या मनात खोट होती असे आम्ही म्हणत नाही. पण त्या एका शब्दावरच ते कलम उभे असते. तो गेला की उरते नळावरचे साधे भांडण. आम्ही कारकुनी करणारी माणसे. फायलीत नाही ते घडलेच नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

यावर उपाय कायद्यातच आहे, आणि तो आपल्या लोकांना माहीत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन 26 जानेवारी 2016 पासून कलम 15-अ लागू झाले. त्याचे दहावे पोटकलम म्हणते की, या कायद्याखालील सर्व कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण झाले पाहिजे. 'करता येईल' नव्हे, 'झाले पाहिजे'. 2019 मध्ये डॉ. पायल तडवी प्रकरणात जामीन अर्जाच्या सुनावणीचे चित्रीकरण करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. मग मावशींच्या कोर्टात कॅमेरा का नव्हता? विचारले तर उत्तर मिळाले, "यंत्र नाही." दहा वर्षे होत आली, यंत्र नाही!

खैरलांजीचे हत्याकांड 2006 चे. भंडारा न्यायालयाने 2008 मध्ये शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचे कलम सिद्ध झाले नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयातही नाही. तेव्हा चित्रीकरणाची तरतूद नव्हती. असती तर निकाल बदलला असता असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र वरच्या कोर्टाला साक्षीदाराचा आवाज, त्याचे अडखळणे, त्याला विचारलेले उलटसुलट प्रश्न पाहता आले असते.

कोणी म्हणेल, आपल्या लेकीबाळींची साक्ष मोबाईलवर फिरेल. भीती खरी आहे. चित्रफीत कोर्टाच्या ताब्यात राहावी, बाजारात नव्हे, हा आग्रह आपणच धरावा. आणि तरुणांनो, उत्साहाच्या भरात स्वतःचा मोबाईल कोर्टात चालू करू नका, अंगाशी येईल.

ज्यांचा असा खटला चालू आहे त्यांनी सरकारी वकिलांमार्फत कलम 15-अ (10) चा उल्लेख करून साधा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा आणि तारखेची सूचना मिळण्याचा हक्कही याच कलमात आहे. सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेता येते, तेही त्यातच लिहिले आहे. मावशींचा अर्ज आम्ही टाईप करून ठेवला आहे. पुढच्या तारखेला देणार आहोत.