माळ्यावरचं इंजिन

रमजानच्या आधी घराची झाडलोट निघते, तशी यंदाही निघाली. माळ्यावरून पितळेची पातेली आली, फाटकी गादी आली, अम्मींच्या लग्नातली ट्रंक आली आणि सगळ्यांत मागून गोणपाटात बांधलेलं एक इंजिन आलं. अब्बांच्या येझदीसाठी ठेवलेलं जादा इंजिन. दोघांनी धरलं तेव्हा कुठे ते शिडीवरून उतरलं.

ज्यांच्या घरी येझदी होती त्यांना सांगायला नको. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, 250 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि किक मारायची तीच दांडी पुढे झुकवून गिअरही टाकायची. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी 1996 मध्ये बंद झाली. त्यानंतर ज्याला गाडी चालवायची होती त्याने मिळेल तिथून माल जमवून ठेवला. अब्बांच्या एका दोस्ताने आपली गाडी मोडीत काढली, तेव्हा तिचं इंजिन अब्बांनी विकत घेतलं. 2018 ला जावा आणि 2022 ला येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती इंजिनं फोर-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारी. त्यातलं काही जुन्या गाडीला चालत नाही.

अब्बांच्या इंतेकालनंतर गाडी सर्वांच्या संमतीने धाकट्याच्या नावावर झाली. तो ती आजही चालवतो. साहजिकच तो म्हणाला, "इंजिन ठेवायचं." भावजय म्हणाल्या, "पंधरा वर्षं जागा अडवून बसलंय, द्या एकदाचं भंगारात." भाचा म्हणाला, "मामू, याला शौकीन लोक चांगली किंमत देतात." तिघांचंही म्हणणं खोटं नव्हतं.

आपल्या घरांत अशा वस्तू पुष्कळ असतात. फेकवत नाही, वापरवत नाही. इस्राफ नको म्हणून आपण फेकत नाही, हे ठीक. पण ठेवून ठेवून गंजवणं हादेखील एक इस्राफच, हे आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, आधी वस्तू काय अवस्थेत आहे ते पाहू.

मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी प्लग काढून दांडी फिरवली. ती हललीच नाही. इंजिन जाम होतं. खोलल्यावर कारण कळलं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकला पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलनेच वंगण मिळतं. इंजिन नुसतं पडून राहिलं की तो थर सुकतो, पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि बेअरिंगला गंज चढतो. क्रँकची बेअरिंगं गेली होती, ऑइल सील कडक होऊन चिरले होते. मात्र ब्लॉक चांगला होता, गिअर चांगले होते, किकचा शाफ्ट तर कोरा वाटावा असा होता. मिस्त्री म्हणाले, "अब्बांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून दर महिन्याला दांडी फिरवली असती, कार्बोरेटरचं नि सायलेन्सरची तोंडं कापडाने बंद ठेवली असती, तर आज हे चालू झालं असतं." ज्यांच्या घरी असं इंजिन आहे त्यांनी एवढं जरूर करावं.

दुसरा प्रश्न कागदाचा. प्रत्येक इंजिनावर नंबर असतो आणि तो आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. त्यासाठी दुसरं इंजिन कुठून आलं हे दाखवायला हवं. अब्बांचा तो दोस्त आता हयात नाही. पावती आम्ही ट्रंकेपासून कुरआन शरीफच्या रिहालखालच्या खणापर्यंत शोधली, सापडली नाही. त्या जमान्यात दोस्ताकडून पावती कोण मागणार?

तेव्हा गॅरेजमध्ये बसलेल्या एकाने सहज सांगितलं, "त्यात काय, जुना नंबर घासून तुमच्या गाडीचा पाडून देतो. कोण बघतंय?" धाकट्याने आमच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर क्षणभर आम्हालाही सोपं वाटलं. पण तो गुन्हा आहे, आणि कुणी बघत नाही असं तर आपल्याला म्हणताच येत नाही. आम्ही नको म्हणालो. म्हणजे हिशेब असा झाला: कागद नसलेलं इंजिन हे जादा इंजिन नव्हेच, ते जादा पार्ट आहेत. अख्खं बसवायचं नाही, सुटे भाग मात्र वापरायचे. नंबर असलेलं केसिंग विकायचं नाही, कारण उद्या ते कुणाच्या हातात कशासाठी जाईल हे आपल्याला सांगता येत नाही.

एवढं ठरलं आणि आम्ही निश्चिंत झालो. तेवढ्यात आपा चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "पण हे इंजिन आहे कुणाचं?"

सगळे गप्प झाले. अब्बांचं कफन-दफन, देणी, सगळं फेडून आम्ही तरका वाटला होता. घर, शेत, बँकेतले पैसे, सर्वांचा हिस्सा निघाला होता. माळ्यावरचं इंजिन कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गाडी धाकट्याला दिली तेव्हा इंजिनाचा उल्लेखही नव्हता. म्हणजे ठेवायचं की विकायचं हे आम्ही भाऊच ठरवत बसलो होतो, आणि ज्यांचा त्यात हक्क होता त्या अम्मी, आपा आणि धाकटी बहीण यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मिस्त्रींकडून चांगल्या पार्टची किंमत करून घेतली. 4,800 रुपये. अम्मींचा आठवा हिस्सा 600. उरलेल्या 4,200 चे सहा भाग, प्रत्येकी 700. बहिणींना एकेक, भावांना दोन-दोन. धाकट्याला पार्ट हवे होते, म्हणून त्याने आपले 1,400 वजा करून बाकीचे 3,400 रुपये काढून दिले.

यात एक गोष्ट सांगायलाच हवी. पैसे काढताना तो म्हणाला, "आपा, तू माफ केलंस तरी चालेल." आपल्याकडे बहिणीच्या हिश्श्याबाबत हे वाक्य फार लवकर येतं. हक्क हातात पडायच्या आधीच माफी मागितली जाते, आणि भरल्या घरात बिचारी नाही कसं म्हणेल? अम्मी म्हणाल्या, "आधी तिच्या हातात दे. मग द्यायचं की ठेवायचं ते तिला ठरवू दे." आपाने 700 रुपये मोजले आणि पर्समध्ये ठेवले. आम्हाला बरं वाटलं.

गंजलेला क्रँक एका ओळखीच्या कारागिराने मागितला. त्याला बेअरिंग गेल्याचं आधी दाखवलं, मग दिला. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल शोधणारे आपले प्रेषित (स.) आहेत. ऐब झाकून माल विकणं आपल्याला शोभत नाही. त्याचे जे थोडे रुपये आले ते त्याच हिशोबाने वाटले.

आता ब्लॉक, गिअर नि किकचा शाफ्ट ऑइल लावून, कापडात गुंडाळून कपाटाच्या खालच्या फळीवर आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे: काय आहे, कुठून आलं, आता कुणाच्या मालकीचं. आमच्यानंतर कुणाला माळ्यावर शोधत बसायला नको.

वाचकहो, रमजानची साफसफाई तुमच्याही घरी निघेल. माळ्यावरून एखादी शिलाई मशीन, एखादं इंजिन, एखादा रेडिओ खाली येईल. ठेवायचं की काढायचं हे जरूर ठरवा. पण त्याआधी आपाने विचारला तो प्रश्न एकदा विचारा.