घरात शिवलेली बाहुली आणि आयएसआयचे लेबल : मीरा-भाईंदरच्या बचत गटांपुढचा खरा प्रश्न

भाईंदर पूर्वेच्या एका महिला बचत गटातील ताईंनी मध्यंतरी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. त्या क्रोशाच्या बाहुल्या, कापडी हत्ती आणि पाळण्यावर टांगायची खेळणी बनवतात. भीमजयंतीच्या आणि 6 डिसेंबरच्या स्टॉलवर त्यांचा माल बरा खपतो. आता एका दुकानदाराने शंभर नगांची ऑर्डर द्यायची तयारी दाखवली, पण अट घातली की माल "आयएसआयच्या लेबलसकट" हवा. जवळच एक छपाईवाला तसे हजार स्टिकर छापून द्यायला तयार आहे. ताईंचा प्रश्न एवढाच होता, "घेऊ का छापून?"

आमचे उत्तर आहे, नका घेऊ. पण नुसते "नका" म्हणून भागत नाही. ज्या महिलेला नगामागे चार पैसे मिळतात, तिला मोठी ऑर्डर सोडायला सांगताना त्यामागचे कारण आणि पुढचा रस्ता दोन्ही सांगावे लागतात. म्हणून हा लेख.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्र सरकारच्या उद्योग विभागाने 25 फेब्रुवारी 2020 रोजी खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा आदेश काढला. तो आधी त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून लागू होणार होता, पुढे ढकलून 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. त्यानुसार 14 वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचे, म्हणजे बीआयएसचे, आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे झाले. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांना एक मानक, बाकीच्यांना दुसरे. आपल्या ताईंच्या बाहुल्या दुसऱ्यात येतात, त्याचे नाव आयएस 9873.

या आदेशामागे कारण होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने 2019 मध्ये बाजारातून नमुने उचलून तपासले तेव्हा आयात खेळण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नमुने सुरक्षिततेच्या कसोटीवर उतरले नाहीत. त्याच सुमारास आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेले गेले आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर. स्वस्त परदेशी माल अडवायचा आणि देशी कारखानदाराला मोकळे मैदान द्यायचे, असा दुहेरी हेतू होता. त्यात चूक काही नाही. मात्र देशी उत्पादक म्हटले की धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना येतो. एका खोलीत स्वयंपाक उरकून दुपारी सुई हातात घेणारी बाई येत नाही.

आयएसआय चिन्ह हे नुसते चित्र नव्हे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल या अक्षरांनंतर परवान्याचा क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या पत्त्याचा आणि चालू आहे की नाही, हे कोणालाही दिसते. म्हणजे छपाईवाल्याने कुठला तरी क्रमांक उचलून छापला तर ती लबाडी पकडायला अधिकारी लागत नाही, जागरूक गिऱ्हाईक पुरेसे आहे. बीआयएसच्या 2016 च्या कायद्यात सक्तीच्या मालाबाबत नियम मोडल्यास पहिल्या वेळी किमान 2 लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद केली गेली. 2023 च्या जानेवारीत देशभरातील मोठ्या दुकानांवर छापे पडले आणि 18,600 खेळणी जप्त झाली. मोठी दुकाने दंड भरून पुढे जातात. बचत गटाचे काय होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय पंचशील म्हणणाऱ्या घरातून खोट्या चिन्हाची वस्तू बाहेर पडू नये, हेही आहेच.

मग खरा परवाना का काढू नये? कागदावर तो सर्वांना खुला आहे. सूक्ष्म उद्योगांना मार्किंग फीमध्ये मोठी सवलत आहे, महिला उद्योजकांना थोडी आणखी. अडचण केवळ पैशाची नाही. परवाना मिळतो तो एका उत्पादकाला आणि एका जागेला. अधिकारी त्या जागेची पाहणी करतात, नमुने प्रयोगशाळेत जातात, तपासणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. आता बारा जणींचा गट बारा घरांत बसून काम करतो. एकीकडे हात विणले जातात, दुसरीकडे धड, तिसरीकडे कापूस भरला जातो. यातला कारखाना कोणता? चाळीतली दहा बाय बाराची खोली, जिथे त्याच जमिनीवर रात्री मुले झोपतात? हा परवाना ज्या चौकटीत बसतो ती चौकटच आपल्या शहरातल्या घरगुती कामाला नाही. भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात, पण त्याच वस्तीतल्या स्त्रिया नगावर काम करतात तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यांना पत्ताच नसतो. इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणाऱ्या हजारो हातांची गोष्टही हीच आहे.

कारागिरांना दिलेली सूट

डिसेंबर 2020 मध्ये सरकारने याच आदेशात दुरुस्ती केली. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या मालाला आयएसआयच्या सक्तीतून वगळले. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांनाही, म्हणजे कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या किंवा आंध्रातल्या कोंडापल्लीच्या लाकडी खेळण्यांना, नोंदणीकृत कारागिरांपुरती तशीच सूट दिली. ही दुरुस्ती आपल्या ताईंच्या कामाची आहे आणि बहुतेकींना ती माहीतच नाही. हस्तकला कारागिरांना जे ओळखपत्र मिळते त्याला "पहचान" कार्ड म्हणतात. अर्ज करावा लागतो आणि कारागिराची पडताळणी होते.

पण शब्द नीट वाचावे लागतात. "बनवलेल्या आणि विकलेल्या." कार्ड असलेली बाई स्वतः बनवून स्वतः विकते तोवर ती सुटीत आहे. दुकानदाराने शंभर बाहुल्या घेऊन स्वतःच्या ब्रँडने विकल्या तर? तिथे सूट लागू होईल असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्या मते धोरणातली खरी फट इथेच आहे. कारागिराला सूट दिली, पण ती सूट तिच्या स्टॉलच्या टेबलाबरोबर संपते. बाजार मोठा व्हायला मधला विक्रेता लागतो आणि मधला विक्रेता आला की पुन्हा आयएसआय मागितले जाते. त्या दुकानदाराने लेबल मागितले यात त्याचा दोष नाही, त्याला त्याच्या दंडाची भीती आहे. ऑनलाइन विक्रीतही हेच घडते. मग काहीजणी बाहुलीला "शोपीस" म्हणून विकतात. याने काही साधत नाही. वस्तू मुलाने खेळावे अशी दिसत असेल तर कायद्याच्या व्याख्येत ती खेळणेच. झबली, टोपडी, दुपटी, गोधड्या मात्र खेळण्यात येत नाहीत. त्यांना या आदेशाचा आयएसआय लागत नाही, हे गटांनी लक्षात ठेवावे.

इथे एक गोष्ट आपल्या समाजाच्या अंगाने बोलली पाहिजे. सरकारची कारागिरांविषयीची भाषा परंपरेची आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि त्यात बाहुली व खेळणी बनवणारे आहेत, पण पुढे कंसात "पारंपरिक" असे लिहिलेले आहे. योजनेत अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज आहे, म्हणजे ती टाकाऊ नाही. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला गावाने कोणती परंपरा दिली होती, हे सांगायला नको. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपण ती कामे टाकून शहरांकडे आलो. आज विहारात बसून क्रोशा शिकलेल्या ताईंचे कौशल्य त्यांच्या आजीकडून आलेले नाही. त्यांनी ते शिकून मिळवले आहे. अर्ज भरताना "तुमची पिढीजात कला कोणती?" असे कोणी विचारले तर गोंधळून परत येऊ नका. खेळण्यांच्या आदेशातल्या सुटीत पिढीजात असण्याची अट नाही. नोंदणी असलेली कारागीर, एवढेच त्यात आहे.

सूट मिळाली म्हणजे मूल सुरक्षित झाले असे नाही

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्याच लोकांना सांगायचा आहे.

आयएस 9873 मध्ये काय तपासतात? तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला कुठलाही सुटा भाग घशात अडकण्याइतका लहान नसावा. त्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाचे छोटे नळकांडे असते. भाग त्यात पूर्ण मावला तर खेळणे नापास. शिवलेले डोळे, बटणे ठरावीक जोराने ओढून पाहतात. कापड आगीजवळ किती भराभर पेटते ते पाहतात. रंगातून शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक अशी आठ मूलद्रव्ये किती सुटतात ते मोजतात. शिशाची मर्यादा किलोमागे 90 मिलिग्रॅम आहे. प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांची वेगळी तपासणी आहे.

आता आपल्या घरात पाहा. ज्या घरात सकाळी इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवले जातात, त्याच घरात दुपारी बाहुलीला डोळे लावले जातात. उरलेले मणी वाया कशाला घालवायचे? आम्ही असे डोळे पाहिले आहेत. दिसतात सुंदर. पण तो मणी नळकांड्यात सहज मावतो, त्यावरच्या मुलाम्यात काय आहे कोणालाच माहीत नसते आणि सात-आठ महिन्यांचे मूल पहिली गोष्ट तोंडातच घालते. पाळण्यावरच्या खेळण्याची लांब दोरी गळ्याभोवती पडू शकते. भरायला घेतलेल्या स्पंजच्या कतरणीत कधी टाचणी, कधी स्टेपलची पिन निघते. कायद्याने सूट दिली म्हणून हे धोके कमी होत नाहीत.

अमेरिकेतही हीच खळबळ झाली होती. 2007 मध्ये शिशाच्या रंगामुळे लाखो खेळणी बाजारातून परत घ्यावी लागली आणि 2008 मध्ये तिथे कडक कायदा आला. प्रत्येक खेळण्याची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी आणि प्रत्येकावर कोणी, कुठे, केव्हा बनवले हे कळेल असे कायमचे लेबल. घरी लाकडी खेळणी बनवणारे हवालदिल झाले, त्यांनी संघटना करून आवाज उठवला. 2011 मध्ये दुरुस्ती झाली. वर्षाला एका प्रकारचे 7,500 पेक्षा जास्त नग न बनवणाऱ्या आणि 10 लाख डॉलरपर्यंतच उलाढाल असणाऱ्यांना काही तपासण्यांतून मोकळीक मिळाली. मात्र रंगातले शिसे आणि घशात अडकणारे भाग यांची तपासणी माफ झाली नाही, लेबलही माफ झाले नाही. आपल्याकडे सूट एकतर पूर्ण आहे नाहीतर अजिबात नाही. कार्डवाल्या बाईला काहीच विचारले जात नाही, कार्ड नसलेलीला कारखान्याएवढेच विचारले जाते. यापेक्षा आकारमान पाहून पायऱ्या ठेवणारा नियम गरिबाच्याही हिताचा आणि मुलाच्याही.

एक लेबल मात्र प्रत्येकीने लावायचेच आहे आणि ते कोणाकडून विकत घ्यायची गरज नाही. वस्तू पिशवीत किंवा खोक्यात भरून विकायला ठेवली की वैधमापनाचे 2011 चे पॅकेजिंग नियम लागू होतात. बनवणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, वस्तूचे नाव, नगांची संख्या, बनवल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. एवढे छापील असावे. आम्ही त्यात आणखी काही गोष्टी सुचवू : आत काय भरले आहे, कसे धुवायचे, किती वयाच्या मुलासाठी आहे, आणि लॉटचा क्रमांक. "तीन वर्षांवरील मुलांसाठी" असे लिहून मऊ खुळखुळा विकणे ही मात्र पळवाट झाली, कारण खुळखुळा कोण खेळते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

राहिला प्रश्न शंभर नगांच्या ऑर्डरचा. त्याचे उत्तर एकट्या गटाकडे नाही. मीरा-भाईंदर महापालिकेने आपल्या एखाद्या समाजमंदिरात किंवा रिकाम्या गाळ्यात सामाईक कामाची जागा दिली, तिथे कापणी, भरणी आणि शेवटची तपासणी एकत्र झाली, तर तोच परवान्याचा पत्ता होऊ शकतो. केंद्राच्या स्फूर्ती योजनेतून देशात अन्यत्र खेळण्यांचे समूह असेच उभे राहिले आहेत. 2025-26 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांचे जागतिक केंद्र होण्याची आणि त्यासाठी समूह उभारण्याची घोषणा झाली. ती भाईंदरपर्यंत यायची असेल तर गटांनी एकत्र येऊन महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे लेखी मागणी केली पाहिजे, आणि आपल्या विहार समित्यांनी त्या अर्जावर सही केली पाहिजे. बीआयएसचे पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईतच आहे. तिथे जाऊन परवान्याची माहिती समक्ष विचारायला कोणाची शिफारस लागत नाही.

त्या ताईंनी स्टिकर छापून घेतले नाहीत. दुकानदाराला तूर्त गोधड्या आणि झबली देऊ केली आहेत, तो विचार करतो म्हणाला. पहचान कार्डासाठी सात जणींची कागदपत्रे जमली आहेत, पाच जणींच्या आधारवरचा पत्ता अजून गावचा आहे. बाहुल्यांचे मण्यांचे डोळे काढून त्या आता काळ्या धाग्याने भरून काढतात. एका बाहुलीला त्यामुळे वीस मिनिटे जास्त लागतात, आणि किंमत किती वाढवावी यावर गटात अजून एकमत झालेले नाही.