तीन जीव पुरे!

चाळिशी ओलांडलेला माणूस लहानपणचा व्हिडिओ गेम पुन्हा खेळून बघतो आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता जाहीर करतो, "छे! ती मजा राहिली नाही." वर एक सुस्काराही सोडतो. माझं भांडण आहे ते या सुस्काऱ्याशी. अहो, मजा जाईल कशाने? 'सुपर मारिओ' १९८५ साली जपानात निघाला तेव्हा जसा होता तसाच आजही आहे. तोच मिशीवाला मारिओ, तीच कासवं, तेच ८ जगांतले ३२ टप्पे. सगळा ऐवज ४० किलोबाइटचा. पहाटे मोबाइलवर येऊन आदळणाऱ्या 'शुभ प्रभात'च्या गुलाबालाही याहून जास्त जागा लागते. त्यातला एक ठिपकासुद्धा झिजलेला नाही. मग बिघडलं कुठे? बिघडलं ते रिवाइंडच्या बटणापाशी.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुने खेळ हल्ली मोबाइलवर, संगणकावर चालतात. मारिओ खड्ड्यात पडला की एक बटण दाबायचं. स्वारी उलट्या पावली वर येते, जणू काही झालंच नाही! खुद्द निन्टेंडो कंपनीने २०१९ साली आपल्या स्विच यंत्रावरच्या जुन्या खेळांना ही सोय जोडून दिली. म्हणजे मरणाची भीतीच संपली. गुडघाभर पाण्यात सूर मारायचा आणि वर म्हणायचं, पोहण्यात पूर्वीसारखी मजा नाही!

आमच्या मुरुडात (समुद्रकाठचं ते वेगळं, आमचं लातूर-बार्शी रस्त्यावरचं, इथे पाणी दिसतं ते टँकरमध्ये) एका गल्लीत एक टीव्ही गेम आणि आठ पोरं असा हिशेब होता. कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं, आत मोजून पाच-सहा. बाकी त्यांचीच नावं बदललेली. मारिओला जीव तीन. तिन्ही गेले की रिमोट पुढच्याच्या हातात आणि आपण रांगेच्या शेवटी. १०० नाणी गोळा केली की एक जीव जास्त मिळे. आवर्ती ठेव ही काय चीज आहे ते मी तिथेच शिकलो, बी.कॉम.ला फक्त व्याख्या पाठ केली. खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. सातव्या जगात पोचावं आणि बाहेरून आरोळी यावी, "लाईन गेली!" लाईन आली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून श्रीगणेशा.

बरं, एवढं करून एकेक किल्ला जिंकावा तर शेवटी एक टोपीवाला नोकर आभार मानून सांगणार, राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे सात किल्ले! पुढे बँकेत लागल्यावर त्या टोपीवाल्याचं काम मीच पगारावर करू लागलो: "इथे नाही, पलीकडच्या काउंटरला विचारा."

इथे कुणी जाणकार मला पकडू पाहील. म्हणेल, तुम्ही 'कॉन्ट्रा' खेळताना वर-वर-खाली-खाली करून ३० जीव घेत होता, ते विसरलात? विसरलो नाही. ती युक्ती काझुहिसा हाशिमोतो यांची, १९८६ च्या 'ग्रेडियस' खेळासाठी केलेली. स्वतःचाच खेळ तपासताना त्यांना तो फार अवघड जात होता! पण ३० जीव म्हणजे ओव्हरड्राफ्ट. त्याला मर्यादा असते, तो संपतो, आणि संपला की घाम फुटतो. रिवाइंड म्हणजे बड्या थकबाकीदाराचं राइट-ऑफ. आमच्या वहीत चुकीची नोंद झाली तर खाडाखोड चालत नाही. उलटी नोंद करायची, आणि दोन्ही नोंदी तशाच दिसत राहतात. चूक दुरुस्त होते, पुसली जात नाही. मारिओने मला एवढंच शिकवलं, आणि ते बटण नेमकं तेच पुसतं.

तुम्ही म्हणाल, साध्या खेळाचं एवढं काय मनावर घ्यायचं! घ्यायचं कारण घरात आहे. परवा माझा मुलगा वैतागून म्हणाला, "पप्पा, रिवाइंड करा की! कामून परत पहिल्यापासून खेळायलाव?" हाच मुलगा दोन वर्षांनी लातूरला क्लासला जाईल. 'लातूर पॅटर्न'च्या त्या गावात 'नीट'ची तयारी चालते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. आणि थोडक्यात हुकलं तर अख्खं वर्ष. तिथे रिवाइंड कुठून आणायचं? ज्या पोराने आयुष्यात एकदाही फुकटात हरून बघितलं नाही, त्याने पहिली हार एवढी महाग विकत घ्यायची? आम्ही एका दुपारी वीस वेळा मरत होतो, आणि संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खात होतो. हरण्याची इतकी स्वस्त शाळा दुसरी नव्हती. ती आपण एका बटणासाठी बंद केली.

तेव्हा सुस्कारे सोडणाऱ्यांना माझं सांगणं आहे. त्या बटणाकडे बोट जाऊ देऊ नका. तीन जीव घ्या. शेजारी घरातली दोन पोरं नंबर लावून बसवा. तिसरा जीव गेला की मोबाइल मुकाट्याने पुढच्याच्या हातात द्या, "एकच चान्स, फक्त एकच" अशी गयावया न करता. तो देताना पोटात जो गोळा येतो ना, तीच ती मजा. इतक्या वर्षांत तिला काही एक झालेलं नाही.